न टोचलेला खिळा

बुटकाका म्हणजे बुटका काका नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस चांगला सहा फूट उंच, दारातून आत येताना मान वाकवणारा. दवाखान्याच्या मागच्या अंगाला बूट बनवायची एक खोली आहे, तिथं तो एकतीस वर्षं बसतो आणि सगळे त्याला काका म्हणतात, म्हणून बुटकाका. नवा पेशंट हमखास फसतो. खिडकीतून डोकावून विचारतो, "ते बुटके काका कुठं भेटतील?" मग हा सावकाश उभा राहतो. इतकी वर्षं हा खेळ चाललाय आणि त्याला अजून कंटाळा आलेला नाही.

आता बूट काय, कोणीही बनवतं. पण ह्याची गिऱ्हाइकं निराळी. ज्यांच्या पायांना काही कळत नाही अशी माणसं. बहुतेकांना साखरेचा आजार, काहींना आणखी काही. पायात काच घुसली तरी हा माणूस आपला शीळ घालत घरी येतो. तापलेल्या डांबरावर चालून फोड आले तरी पत्ता नाही, संध्याकाळी बायको मोजे काढायला लावते तेव्हा समजतं. चप्पल रस्त्यात निसटली आणि महाशय एका चपलेनं घरी पोचले, असंही झालेलं आहे. ऐकायला मजा वाटते हो, पण त्या काचेची जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, मग एक बोट जातं, मग दुसरं, मग घोट्यापासून पाय. दुखत नाही म्हणून कोणी वेळेवर येत नाही, ही खरी गोम.

रोज सकाळी नऊ वाजता काका नव्या पेशंटांना बाकावर बसवून दहा मिनिटं बोलतो. डॉक्टरबाईंनीच त्याला हे काम लावून दिलंय. त्या बोलल्या की लोक माना डोलावतात आणि विसरतात. हा बोलला की हसतात, पण लक्षात ठेवतात.

"घरात वायरिंग असतं ना?" काका सुरू करतो. "बेलची वायर वेगळी, पंख्याची वेगळी, फ्रिजची वेगळी. कातडीचंही तसंच. हलकं काही लागलं तर सांगणारी एक नस, दाबलं तर सांगणारी दुसरी, गरम-गार सांगणाऱ्या निराळ्या आणि दुखलं म्हणून बोंब मारणाऱ्या आणखी निराळ्या. सगळ्या एकदम बंद पडत नाहीत, तिथंच माणूस फसतो. तुम्ही म्हणता, मला जमीन लागते की पायाला! लागत असेल. बेल वाजते म्हणून फ्रिज चालू आहे असं असतं का?"

कोणीतरी हसतं. मग काका नियम सांगतो. तळवा रोज आरशात बघायचा. मोजे पांढरेच घालायचे, म्हणजे रक्त आलं तर दिसतं. पाय गरम पाण्यात बुडवण्याआधी त्यात कोपर घालून बघायचं. आणि बूट घालण्याआधी आत हात घालायचा, रोज, न चुकता. "पायाला कळत नसेल तर हाताला विचारा," तो म्हणतो, "आणि एक. कुठं बधिर वाटायला लागलं तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही. लपवणाऱ्याचा पाय मी डोळ्यांनी जाताना बघितलाय."

हे सगळं खरंच आहे. फक्त दीड वर्षापासून तो स्वतःच लपवत होता.

काकाच्या जोड्यात शेवटी एकही खिळा राहत नाही. सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं असतं, कारण ह्या पायांना खिळा म्हणजे काळ. पण बनवताना मात्र खिळे लागतात. पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा उलटा धरायचा, त्यावर चामडं ताणून बसवायचं आणि ते सरकू नये म्हणून खालून बारीक खिळे ठोकायचे. वाळलं की पक्कडीनं सगळे खिळे उपटायचे, मग सोल चिकटवायचा. एखादा खिळा राहिलाच, तर फर्मा काढल्यावर त्याचं टोक बुटाच्या आत, थेट तळव्याकडे तोंड करून उभं राहतं. वर मऊ फोमचा जाड थर असतो, त्यामुळं डोळ्याला काही दिसत नाही. अंगाचं वजन पडलं की फोम दबतो आणि टोक वर येतं.

म्हणून ठोकलेले खिळे मोजायचे आणि उपटलेले खिळे मोजायचे, अशी रीत आहे. काका मोजत नसे. "मोजायला मी काय वाणी आहे?" म्हणायचा. त्याचा भरवसा हातावर. जोडा तयार झाला की डोळे मिटून उजवा हात आत घालायचा, अंगठा नि पुढची दोन बोटं टाचेपासून चवड्यापर्यंत जोर देऊन फिरवायची, मग म्हणायचं, "पास." त्या शब्दाशिवाय खोलीतून जोडा बाहेर जात नसे. धाग्याची गाठ असो, गोंदाचा वाळलेला कण असो, त्या तीन बोटांतून सुटायचा नाही. डॉक्टरबाई नव्या डॉक्टरांना मुद्दाम घेऊन यायच्या ते बघायला, आणि काका वरवर लाजायचा नि आतून सुखावायचा.

आणि नेमकी तीच तीन बोटं गेली. आधी पहाटे मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. मग झटकूनही जाईनात. शर्टाची बटणं लावताना वेळ लागायला लागला. चहाचा कप दोनदा हातातून सुटला. काका स्वतःला समजावत राहिला की गोंद बसलाय बोटांवर, कातडी जाड झालीय, वय झालंय. करंगळीला सगळं व्यवस्थित कळत होतं, म्हणजे बाकीचंही ठीकच असणार. बेल आणि फ्रिजची गोष्ट रोज सकाळी लोकांना सांगणारा माणूस हा! पण स्वतःच्या बाबतीत शहाणपण चालत असतं तर काय हवं होतं.

खरं सांगायचं तर तो घाबरला होता. हात गेला तर आपण कोण, हा प्रश्न त्याला पडायचा आणि तो पडला की तो उठून काहीतरी काम काढायचा.

त्या दिवशी टपालरावाचा जोडा द्यायचा होता.

टपालराव म्हणजे काकाचा जिवलग. पस्तीस वर्षं पोस्टमन होता, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण पाय काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. हातात पत्र नाही, खांद्याला पिशवी नाही, तरी हा रोज जुन्या बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या वाटेवर, चक्कर मारणार, दारोदारी चौकशा करणार. बायको म्हणते, "ह्यांचं लग्न माझ्याशी झालंय की त्या रस्त्याशी, देव जाणे." साखरेनं त्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर झालेले. मागच्या वर्षी बुटात खडा गेला, दिवसभर तो खड्यावर चालला, उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. त्या जखमेचं त्यानं चार दिवस घरात कोणाला सांगितलं नव्हतं. काकानं तेव्हा त्याला दवाखान्याच्या आवारात सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. आणि डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "ह्या पायाला आता एक जखम जरी झाली, तरी मी हमी देत नाही. पाय जाईल."

अकराच्या सुमाराला टपालराव हजर.

"झाला का आमचा राजेशाही जोडा?"

"झालाय. थांब, हात घालायचाय अजून."

"घाल बाबा. तुझा हात म्हणजे टपालाचा शिक्का. तो पडल्याशिवाय माल पुढं सरकत नाही."

काकानं डोळे मिटले. डावा बूट झाला. उजव्यात हात घातला, टाचेपासून निघाला, मधे दाबलं, चवड्यापाशी जरा जास्तच दाबलं. काही नाही. "पास," तो म्हणाला.

टपालरावानं तिथंच पांढरे मोजे नीट ओढले, बूट चढवले, आरशात पायांकडे बघून घेतलं आणि निघाला. घालण्याआधी स्वतः हात घालायचा नियम त्यालाही पाठ होता. पण काकानं घातलाय म्हटल्यावर पुन्हा कोण घालतो?

दुपारी एक वाजता काका जेवायला घरी गेला. घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. त्यानं हात धुतले, गोंदाचा काळेपणा खसखसून काढला आणि टॉवेलला पुसले. काकू ताट वाढत होती. तिनं टॉवेल उचलला.

"हात कापला की काय?"

"नाही तो."

"मग हे रक्त कोणाचं? शेजाऱ्याचं?"

काकानं हात उजेडात धरला. पहिल्या बोटाच्या पेरावर, अगदी मधोमध, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. धुतल्यामुळं पुन्हा उघडलं होतं आणि रक्ताचा थेंब हळूहळू फुगत होता. त्यानं अंगठ्यानं तिथं दाबलं. काही नाही. दुसऱ्याचंच बोट दाबावं तसं. तो उभ्या उभ्या सकाळ आठवायला लागला. आज आरी हातात घेतली नाही. शिवण नव्हती. चामडं कापायची रापीसुद्धा नाही, नुसता फोम चिकटवायचं काम. मग भोक पडेल असा हात गेला कुठं?

एकाच ठिकाणी गेला होता.

"अहो, काय झालं? पांढरेफटक पडलात," काकू म्हणाली.

"त्याच्या बुटात खिळा आहे," काका म्हणाला. "मला टोचला. आणि मला कळलं नाही."

त्यानं टपालरावाला फोन लावला. फोन वहिनींनी उचलला. टपालराव फिरायला जाताना फोन मुद्दाम घरी ठेवतो, कारण वहिनी दर तिसऱ्या मिनिटाला फोन करतात.

"भावजी, ते कुठले घरी! नवीन बूट घालून जे गेलेत ते गेलेत. सगळ्या बीटला दाखवल्याशिवाय का परत येणार?"

ताट तसंच राहिलं. एकसष्ट वर्षांचा सहा फुटी माणूस पायात सपाता घालून भर उन्हात धावत सुटला. बीट त्याला ऐकून ऐकून पाठ होती. आधी लाँड्रीवाला. लाँड्रीवाला म्हणाला, "केव्हाच येऊन गेले, बूट फर्स्ट क्लास झालेत काका!" मग शाळेचं फाटक. तिथला पहारेकरी म्हणाला, तास झाला असेल. मग तीन मजल्यांच्या चार इमारती, आणि टपालराव म्हणजे प्रत्येक जिन्यानं वर जाणारा माणूस. काका मनाशी पायऱ्या मोजायला लागला. एका मजल्याला वीस. तीन मजले, चार इमारती, चढताना आणि उतरताना. प्रत्येक पायरीला एकदा टोचलं असेल, तर? आयुष्यात खिळे मोजले नाहीत आणि आता बसला पायऱ्या मोजत.

टपालराव सापडला वाचनालयाच्या ओट्यापाशी. दोन म्हाताऱ्यांना जमवून त्यांच्यापुढं बुटांचं कौतुक चाललं होतं. "अहो, असा सोल बाजारात मिळायचा नाही! हे बघा!" म्हणत हा उजवा पाय फरशीवर आपटत होता. धप. धप. धप.

"थांब!" काका लांबूनच ओरडला. "पाय उचल! उचल आधी पाय!"

"अरे, तू कुठून उगवलास? जेवलास का?"

"बस खाली. बोलू नकोस."

काका त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं नाडी सोडायला घेतली. बोटांना ती सापडेना. दोनदा निसटली, तेव्हा त्यानं करंगळ्यांनी ओढून सोडवली. बूट काढला. पांढऱ्या मोज्यावर, चवड्याखाली, बाटलीच्या झाकणाएवढा लाल डाग होता. कडा तपकिरी, मध्य अजून ओला.

टपालराव त्या डागाकडे बघत राहिला.

"मला काहीच कळलं नाही रे," तो म्हणाला.

"मलाही नाही," काका म्हणाला, आणि त्यानं आपलं बोट पुढं केलं.

वाचनालयाच्या शिपायाची सायकल होती. टपालरावाला मागच्या कॅरियरवर बसवला, उजवा पाय जमिनीला लागू नये म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी वर धरला आणि काकानं सायकल ढकलत दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी जखम धुतली, सळई घालून खोली बघितली, हाडाचा फोटो काढला. "हाडापर्यंत गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत असेच चालला असतात तर गेलं असतं. आता सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

"पाय राहील ना बाई?" काकानं विचारलं.

"सहा आठवड्यांनी सांगते. आता मला सांगा, हे तुम्हाला घरी बसून कसं कळलं?"

काकानं बोट दाखवलं. बाईंनी ते बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि टेबलावरचा नायलॉनचा दोरा उचलला. जाडसर, ताठ, पेशंटांच्या तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा दोरा.

"बसा. डोळे मिटा. लागलं की हो म्हणायचं."

ह्या स्टुलाशेजारी काका हजारदा उभा राहिला होता, पण त्यावर कधी बसला नव्हता. त्यानं डोळे मिटले. करंगळीला टोक लागलं. "हो." शेजारच्या बोटाला पुसट काहीतरी. "हो." मग थोडा वेळ गेला. ह्या तपासणीचा ठेका त्याला पाठ होता. एक ठिकाण, दोन श्वास, दुसरं ठिकाण. दोन श्वास झाले.

"हो," काका म्हणाला.

पुन्हा दोन श्वास.

"हो."

पलंगावर पडलेल्या टपालरावानं मान वर करून बघितलं.

"काका," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "मी अजून दोरा लावलाच नाही."

त्यानं डोळे उघडले. दोरा बोटापासून वीतभर लांब, हवेत होता. काकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायलासुद्धा त्यानं हात वर केला नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"दीड वर्ष."

पलंगावरून टपालरावाचा आवाज आला. "दीड वर्ष? म्हणजे माझं बोट गेलं तेव्हाही? मला चार लोकांत झापलंस, सांगायला काय झालं होतं म्हणून, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग निदान हळू तरी झापायचंस," टपालराव म्हणाला, आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मनगटात नस दबलीय, असं निदान झालं. एकतीस वर्षं पक्कड आवळून आणि दोरा ओढून मनगटातला पट्टा जाड झाला होता आणि त्याखाली नस चिरडत होती. अंगठा नि पुढची दोन बोटं त्याच नसेची, करंगळी दुसरीची, म्हणून ती शाबूत. छोटं ऑपरेशन करून पट्टा कापता येतो. "जाणीव परत येईल?" त्यानं विचारलं. "वेळेवर आला असतात तर नक्की म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "आता प्रयत्न करू."

"आधी त्याचा पाय," काका म्हणाला. "मग माझा हात." बाई रागावल्या, तरी ऐकलं नाही.

घरी जाऊन त्यानं काकूला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "झोपेत हात झटकता ते मला दिसत नाही का? सकाळी शर्टाची बटणं मी का लावून देते रोज, प्रेम उतू चाललंय म्हणून?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते," ती म्हणाली, आणि आता मात्र तिनं मान वर केली. "दीड वर्ष वाट बघितली मी."

टपालराव अकरा दिवस काकाशी बोलला नाही. चाकाच्या खुर्चीवरून ड्रेसिंगला यायचा, बूटखोलीसमोरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचा. काका रोज वहिनींना फोन करून विचारायचा. त्या सांगायच्या, ताप नाही, सूज तेवढीच आहे, चिडचिड मात्र डबल. काकाच्या तोंडची चव गेली. पाय गेला तर ह्याला तोंड कसं दाखवू, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

बाराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाकावर सात नवे पेशंट होते. काकानं बेल, पंखा, फ्रिज सगळं सांगितलं. लोक हसले. मग त्यानं आपला उजवा हात पुढं धरला.

"ह्या तीन बोटांना काही कळत नाही," तो म्हणाला. "दीड वर्ष मी लपवलं. मी, म्हणजे जो तुम्हाला रोज लपवू नका म्हणून सांगतो, तो. माझ्यामुळं माझ्या मित्राच्या पायात खिळा गेला. पाय राहतो की जातो, अजून माहीत नाही. तेव्हा माझं ऐकू नका. माझं बघा, आणि सांगून टाका."

आता कोणी हसलं नाही. बाकाच्या टोकाला बसलेली एक बाई पदराआड डोळे पुसत म्हणाली, "मला डाव्या पायाला पण होतंय. मी फक्त उजव्याचं सांगितलंय." डॉक्टरबाईंनी तिला लगेच आत नेलं.

दारात चाकाची खुर्ची थांबलेली होती. टपालरावानं सगळं ऐकलं होतं.

"बुटवाल्या," त्यानं हाक मारली, "जोड्यांत हात कोण घालतं सध्या?"

"कोणी नाही. चार जोडे पडून आहेत. बाई घालतात वेळ मिळाला की."

"दे इकडे. माझे पाय मेलेत, हात नाही. अंधाऱ्या जिन्यात नुसत्या बोटांनी पाकिटं निवडलीत मी. आणि हे बघ, खिळे मोजून घेणार. बावीस गेले तर बावीस आले पाहिजेत."

त्या दिवसापासून टपालराव बूटखोलीत, पाय दुसऱ्या स्टुलावर उंच ठेवून. काय रुबाब! एका जोड्याला दहा मिनिटं लावायचा. शिवणीची गाठ सापडली की असा ओरडायचा जणू चोर पकडला. काका पायांची मापं घ्यायचा, डाव्या हातानं जमेल तेवढं करायचा आणि खिळे मोजून टपालरावाच्या पुढ्यातल्या वाटीत टाकायचा. वहिनी फोन करून विचारायच्या, "भावजी, त्यांना कायमचंच तिकडं ठेवून घेता का?"

सहा आठवडे झाले. डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. जखमेच्या जागी गुलाबी, नवी, कोरडी कातडी होती. त्यांनी भोवती दाबून बघितलं, पुन्हा फोटो काढला, आणि म्हणाल्या, "राहिला पाय." काका तिथंच फरशीवर बसला. टपालराव म्हणाला, "अरे, पाय माझा राहिला, तू का बसलास?"

मग काकाच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटांचं काम. टाके निघाले, मुंग्या थांबल्या, रात्रीची झोप लागायला लागली. पण बोटं तशीच राहिली. एक महिना गेला, दोन गेले. डॉक्टरबाई दोरा लावायच्या, आणि काका आता नाही कळलं तर सरळ नाही म्हणायचा. जोड्यांवर टपालरावाचाच शिक्का चालू राहिला. तो चांगला चालता झाला होता, तरी रोज बीट आटपून दहाला खोलीत यायचा.

अडीच महिन्यांनंतरची गोष्ट. काका टाचेची पट्टी शिवत होता. चामडं जाड होतं, आरी जोर लावून घालावी लागत होती, ती सटकली.

"आई गं!"

टपालरावाचा हात एका बुटात होता, तो तसाच बूट घेऊन उठला. "काय झालं? कुठं लागलं?"

काका बोटाकडे बघत होता. पहिल्याच बोटाकडे. रक्ताचा थेंब आला होता आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, हसतोय की रडतोय ते कळेना.

"दुखलं," तो म्हणाला. "अरे, दुखलं! चांगलं झणझणीत दुखलं रे! अजून ठणकतंय!"

टपालरावानं बूट खाली ठेवला. काकाचं बोट हातात धरून जवळून बघितलं, रक्त आपल्या रुमालानं टिपलं. मग त्याची नजर खाली स्वतःच्या पायांवर गेली आणि थोडा वेळ तिथंच राहिली. डॉक्टरबाईंनी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्या पायांचं काही परत येणार नाही.

"आणखी एकदा ओरड," तो म्हणाला.

"का?"

"माझ्या वाटचं."

काकानं त्याच्याकडे बघितलं, आणि मग छाती भरून असा ओरडला, की पुढच्या दवाखान्यातून डॉक्टरबाई धावत आल्या.